स्मरणरंजन ही बखर आहे, अस्सल पत्र नव्हे

१/
"पूर्वीचे दिवसच चांगले होते." हे वाक्य प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ऐकवले आहे. समाजमाध्यमांवर तर रोज एखादे जाते, एखादी चूल, एखादी बारव छायाचित्रातून समोर येते आणि खाली "गेले ते दिवस" असा सुस्कारा उमटतो. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी या सुस्काऱ्याकडे कसे पाहावे, याविषयी हा धागा. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
मुख्य म्हणणे आधीच मांडलेले बरे. स्मरणरंजन हे इतिहासाचे साधन आहे, परंतु ते बखरीच्या जातीचे साधन आहे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, तेव्हा शिवछत्रपतींच्या निधनाला बरीच वर्षे होऊन गेली होती. आपण ती बखर टाकून देत नाही. पण समकालीन पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय तिचा शब्द अंतिमही मानत नाही. "गेले ते दिवस" या बखरीलाही हाच न्याय लावला पाहिजे.

३/
शब्दापासून आरंभ करू. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहान्नेस होफर या तरुण स्विस वैद्याने बाझल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घर सोडून दूर देशी राहणाऱ्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. परतणे आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. मराठीने त्यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द स्वीकारला. ग्रीक शब्दात वेदना आहे. आपल्या शब्दात रंजन आहे. प्रश्न इतकाच की, रंजन कोणाचे होते आणि वेदना कोणाच्या वाट्याला आलेली असते?

४/
उदाहरण म्हणून जाते घेऊ. आज ते हॉटेलांच्या दाराशी शोभेला ठेवलेले दिसते. वरची तळी, खालची तळी, मध्ये खीळ आणि हाती धरायला लाकडी खुंटा. एवढ्याशा यंत्रावर महाराष्ट्रातील घरे शतकानुशतके जेवली. त्याची टाकी बोथट झाली की पाथरवट येऊन पुन्हा टाकी लावून जाई. रचना साधी, टिकाऊ, आणि पाहणाऱ्याला सुंदर. मात्र पाहणारा आणि दळणारी या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या, हे छायाचित्रात दिसत नाही.

५/
एकदाच भरपूर दळून का ठेवत नसत? ज्यांच्या घरी भाकरी होते त्यांना उत्तर ठाऊक आहे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरते, तुटते. बाजरीचे पीठ तर लवकर कडवट होते. म्हणजे दळण हे सणावाराचे काम नव्हते. ते रोजचे होते, आणि तेही पहाटे, कारण दिवस उजाडल्यावर पाणी, शेण, चूल आणि शेत वाट पाहत असे. घरात खाणारी तोंडे जितकी, तितकी पहाट लवकर होई.

६/
या कामाची बखर आपण लिहितो. पण त्याची अस्सल पत्रेही उपलब्ध आहेत. ती म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह अनेक वर्षे गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. हा संग्रह आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता आणि ऐकता येतो. शेतकरी, कष्टकरी स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांतील इतके मोठे दफ्तर विरळाच.

७/
या दफ्तरात काय आहे? माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे, विठ्ठल आहे, वनवासी सीतेचे दुःख आहे, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता आहे. आणि जागोजागी सासुरवास आहे, शिणलेले हात आहेत, बाईच्या जन्माविषयीची तक्रार आहे. जात्याला या स्त्रियांनी देव मानले, सोबती मानले, त्याच्यापाशी मन मोकळे केले. पण आपली लेक आयुष्यभर दळत राहावी, अशी हौस त्यामागे नव्हती. सोबती म्हणून दगड लाभला, कारण ऐकणारे दुसरे कोणी नव्हते.

८/
आणखी जुना पुरावा हवा असल्यास जनाबाईची कथा आठवावी. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीला दळू लागायला स्वतः विठ्ठल येत असे, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून एक जातेही दाखवतात. भक्तीच्या अंगाने या कथेचा अर्थ थोर आहेच. पण इतिहासाच्या अंगाने वाचली तर ती आणखी एक गोष्ट सांगते: दळण हे असे काम होते की, त्यात हातभार लावायला माणूस मिळत नसे, देवालाच यावे लागे.

९/
इथे एक प्रसिद्ध दावा येतो. "बायका दळत होत्या, म्हणून निरोगी होत्या, बाळंतपणे सहज होत." समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या या मजकुराला आपल्याच भाषेने उत्तर देऊन ठेवले आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे म्हणण्याची रीत मराठीत पडली ती उगाच नव्हे. सहज होणाऱ्या गोष्टीला कोणी पुनर्जन्म म्हणत नाही.

१०/
आकडाही पाहावा. १९४१ ते १९५० या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. ३२ या आकड्याचा अर्थ सगळे तिशीत मरत असा नव्हे. फार मोठ्या संख्येने बालके पहिल्या काही वर्षांतच जात, म्हणून सरासरी इतकी खाली येई. आपल्याला भेटलेली काटक पणजी खरीच काटक होती. मात्र ती उरली, म्हणून भेटली. जी पहिल्या बाळंतपणात गेली, तिच्या काटकपणाची गोष्ट सांगायला नातवंडे नाहीत. बखर वाचलेल्यांचीच असते.

११/
पुढे पिठाची गिरणी आली. प्रथम तेलाच्या इंजिनावर आणि नंतर विजेवर. तिच्या 'पुक पुक' आवाजावर कोणी महाकाव्य लिहिले नाही. पण डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची पहाट त्या आवाजाने मोकळी केली. ती वेळ तिने झोपेला दिली असेल, मजुरीला दिली असेल, लेकीच्या वेणीफणीला आणि शाळेच्या तयारीला दिली असेल. इतिहासात या मोकळ्या झालेल्या तासाची नोंद जवळजवळ कुठेच नाही.

१२/
न्याय दोन्ही बाजूंना हवा. गिरणीबरोबर ओवी गेली, ही हानी खरी आहे. दोघी-तिघींनी एकत्र बसून सुख-दुःख बोलण्याची जागा गेली. जाते थांबले, तसा नव्या ओवीचा झराही आटला. मात्र हानीचे दुःख करणे वेगळे आणि जुनी व्यवस्थाच चांगली होती असे म्हणणे वेगळे. ओवी जपण्यासाठी बाईला पुन्हा जात्यावर बसवण्याची गरज नाही. ती जपली वहीने, ध्वनिमुद्रणाने आणि संगणकाने. म्हणजे नव्याच साधनांनी.

१३/
आता आपल्या सर्वांच्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे बारवेकडे येऊ. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील तरुणांनी गाळ उपसून, झाडोरा काढून, दिवे लावून कितीतरी बारवा पुन्हा उजेडात आणल्या. हे काम निःसंशय अभिमानास्पद आहे. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांची विहीर पाहावी. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली ही वास्तू पाहताना मन थक्क होते. स्थापत्य म्हणून बारवेला तोड नाही.

१४/
पण बारवेच्या पायऱ्यांवरून आणखी एक पाहुणा ये-जा करीत असे. त्याचे नाव नारू. आजच्या तरुणांपैकी बहुतेकांनी हा शब्दही ऐकला नसेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. नारूचा जंतू दोऱ्यासारखा बारीक आणि पुष्कळदा हातभर किंवा त्याहून लांब असतो. दूषित पाणी प्याल्यानंतर साधारण वर्षभराने तो बहुधा पायाला फोड आणून त्वचेबाहेर डोकावू लागतो. त्यावर ना औषध होते, ना लस. काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा बाहेर ओढणे, एवढाच उपाय. ओढताना तुटला तर यातना आणखी वाढत.

१५/
हा रोग पसरे कसा, हे समजले की बारवेचे दुसरे रूप दिसते. फोडाची आग शमवण्यासाठी माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी. त्या क्षणी नारूची मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडी. त्या अळ्या पाण्यातील सूक्ष्म जलपिसवा गिळत, आणि तेच पाणी पुढचा माणूस ओंजळीने पिई. म्हणजे पाण्यापर्यंत माणसाला नेणारी पायरी हीच बारवेची शोभा, आणि तीच नारूची वाट. नारूने जखडलेला शेतकरी ऐन कामाच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही.

१६/
भारतात नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९८३-८४ मध्ये सुरू झाली. ज्या राज्यांत हा रोग होता, त्यांत महाराष्ट्रही होता. उपाय साधे होते: पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, पाण्यात ठरावीक प्रमाणात औषध टाकणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर कठड्याच्या विहिरींत करणे, हातपंप बसवणे. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. पाणी गाळून पिण्याची आपली जुनी चाल इथे कामी आली, हेही आवर्जून नोंदवावे. परंपरेत शहाणपण होते. पण तेवढे पुरेसे नव्हते.

१७/
आणि बारवेच्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार तरी सर्वांना कुठे होता? १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुला केला, तेव्हा ती क्रांतिकारक घटना ठरली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रहींना मार खावा लागला. "पूर्वी गावाचा पाणवठा म्हणजे सगळ्या गावाची भेटण्याची जागा" असे वाक्य लिहिताना 'सगळ्या' या शब्दापाशी लेखणी थबकली पाहिजे.

१८/
बारवेच्या जागी काय आले? गावाकडचा हापसा. त्याची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापराचे होते. त्यांच्यावर दिवसभर सारे गाव पाणी भरू लागले की ते मोडून पडत. मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांतून यावर उपाय शोधला गेला. त्यातून घडलेले पंप त्या त्या गावाच्या नावाने ओळखले जातात: 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप'.

१९/
सोलापूर पंपाची युक्ती साधी होती. दांडा एकाच भक्कम कण्यावर फिरे, आणि आतील सळई साखळीला टांगलेली असल्यामुळे सरळ वर-खाली होई. ती वाकडी ओढली जात नसल्याने झीज कमी. याच रचनेच्या पायावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क २' हा पंप विकसित झाला. पुढे तो देशभर, आणि देशाबाहेरही, लाखोंच्या संख्येने बसवला गेला. झाकलेले पाणी, कोणाचा पाय न बुडणारे पाणी, असे त्याचे वर्णन करता येईल.

२०/
बारवेला शिलालेख असतो, हापशाला नसतो. हापशासमोर कोणी छायाचित्र काढत नाही, दिवे लावत नाही. सुधारणेचे दुर्दैव हेच की, ती यशस्वी झाली की अदृश्य होते. नारू गेला म्हणजे काय झाले? काहीच झाले नाही. कोणाच्या पायाला फोड आला नाही, कोणाचा हंगाम बुडाला नाही. न घडलेल्या गोष्टीची बखर कोण लिहिणार?

२१/
अशीच एक अदृश्य होत चाललेली खूण आपल्या घरातच आहे. आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण असतो. भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. देशातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर तो व्रण नाही. आपल्या दंडावरची ती कोरी जागा हादेखील एक ऐतिहासिक दस्तऐवजच आहे.

२२/
याचा अर्थ प्रत्येक नवी वस्तू निर्दोष, असा मुळीच नाही. मोटेने विहीर सहसा तळाला जात नसे. बैलांच्या दमालाच मर्यादा होती. विजेच्या पंपाने ती मर्यादा काढून टाकली. बागायत फुलली, पण अनेक तालुक्यांत भूजल खोल खोल गेले आणि एका विंधनविहिरीला पाणी लागले नाही म्हणून दुसरी घेण्यात शेतकरी कर्जात बुडाला. सुधारणेचेही देणे असते, आणि ते कधीकधी पुढच्या पिढीच्या नावावर लिहिले जाते. पण त्यावर इलाज म्हणजे पुन्हा मोट नव्हे. पाण्याचा हिशेब ठेवणे हा इलाज आहे.

२३/
हा वाद नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; नांगर विकला जाईना. लाकडी नांगराची थोरवी सांगणारे तेव्हाही होते. प्रत्येक काळाला मागचा काळ सोवळा वाटतो. आज आपण ज्या वस्तूंची छायाचित्रे पाहून हळहळतो, त्यांतील कितीतरी वस्तू कधीकाळी नव्या होत्या आणि त्यांनाही कोणीतरी नाके मुरडली होती.

२४/
मग एवढे लिहिण्याचे कारण काय? कारण हे की, स्मरणरंजन निरुपद्रवी नसते. "पूर्वी सगळे चांगले होते" असे मानणारा तरुण सहजच पुढचे पाऊल टाकतो: मग लस कशाला, मग बाईने नोकरी कशाला, मग हापसा नादुरुस्त राहिला तर काय बिघडले? जे मिळवावे लागले ते आपोआप मिळाले असे वाटू लागले की, ते टिकवण्याची जबाबदारीही कोणाची उरत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, अशी म्हण आहे. आपण जात्यातही नव्हतो आणि सुपातही नव्हतो. आपल्या ताटात थेट भाकरी आली. निदान दळणारीचे म्हणणे ऐकण्याचे सौजन्य आपल्यात हवे.

२५/
म्हणून एक विनंती. घरात सत्तरी-ऐंशीची माणसे असतील, तर त्यांना "तेव्हा किती छान होते ना?" असे विचारू नये. त्या प्रश्नातच उत्तर भरलेले असते. त्याऐवजी विचारावे: पाणी कोण आणत असे? किती खेपा? कोणत्या पाणवठ्यावरून, आणि तिथे कोणाला येऊ देत नसत? दळायला किती वाजता उठावे लागे? तुमची भावंडे किती झाली आणि किती जगली? गावात नारू झालेले कोणी पाहिले होते का? उत्तरे ध्वनिमुद्रित करावीत, त्यावर तारीख आणि गाव लिहावे.

२६/
असे दहा जणांचे जबाब एकत्र केले, तर गावाचे असे दफ्तर तयार होईल, जे कोणत्याही सरकारी कचेरीत मिळणार नाही. आणि ते देणारी माणसे फार काळ आपल्यात असणार नाहीत. बारव अवश्य स्वच्छ करावी, तिच्या पायऱ्यांवर दिवे लावावेत. मात्र तिथून परतताना वाटेवरच्या हापशाचे छायाचित्रही घ्यावे, आणि तो चालू नसेल तर ग्रामपंचायतीला तसे कळवावे. वारसा जपण्याचाच तोही एक भाग आहे.

२७/
जात्याचे कौतुक करण्यापेक्षा दळणाऱ्या हातांचे ऋण मानणे अधिक योग्य. ते हात आज मोकळे आहेत, ही गेल्या शतकाने केलेल्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक आहे. आपल्या घरच्या आठवणी, तारीख-गावासह, या धाग्याखाली अवश्य लिहाव्यात. बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ असा. लेखनसीमा.